अंगाबरोबर बसलेली तीस जॅकेटं

नाही ताई, कमरेत आत घेणार नाही! एक इंच नाही, अर्धा इंच नाही, टाचणी लावून तात्पुरतंसुद्धा नाही! …जाड दिसताय? दिसा की! जाड दिसलेलं माणूस घरी परत जातं, आणि घरी गेल्यावर बारीक दिसायला अख्खं आयुष्य पडलंय! अहो, मला कळत नाही का, पस्तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजण्यात गेली माझी, तुम्ही त्या पायऱ्या उतरत होतात तेव्हाच माझ्या डोळ्यांनी तुमचं माप घेऊन ठेवलंय, पण या नारिंगी जॅकेटाला माझी कात्री लागणार नाही म्हणजे नाही. का? आता का म्हणून विचारलंतच… बोट अजून पलीकडच्या काठाला आहे, यायला वीस मिनिटं आहेत, तुम्ही रांगेत अडकलाय आणि मी या धक्क्यावर. ऐका मग. आणि ऐकता ऐकता ते खालचं बकल लावा, काका. वरचं लावून खालचं सोडणं म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणं!

तर तुम्हाला सांगतो, मी टेलर. बाजारामागच्या गल्लीत दुकान, दुकान म्हणजे काय, मशीन बसलं की मी उभा आणि मी बसलो की गिऱ्हाईक उभं. पण फिटिंग! माझ्या हातची पँट घालून एक गृहस्थ मुलाखतीला गेले, साहेबानं पँट बघूनच नोकरी दिली, पुढे काम येत नाही म्हणून काढलं ते सोडा, तो पँटचा दोष नव्हे. एका नवरदेवाला मी असा कोट शिवला की वऱ्हाडी मंडळी नवरी बघायची विसरली. असा मी! आणि माझ्याकडे, हंगाम सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस, हा कप्तान आला.

कप्तान म्हणजे या बोटींचा मालक. तो बघा, तिकिटाच्या खिडकीत बसलाय, आपल्याकडेच बघतोय, बघू दे. समुद्र त्यानं फक्त कॅलेंडरवर पाहिलाय, पण डोक्यावर पांढरी टोपी असते म्हणून सगळे कप्तान म्हणतात. आला तो तीस जॅकेटांचं गाठोडं घेऊन. "मास्तर, चेनी गेल्यात, पट्टे तुटलेत, शिवणी उसवल्यात. तेवढं करून द्या." बस्स. एवढंच बोलून गेला असता तर आज मी माझ्या दुकानात बसलो असतो. पण नाही! दारात थांबला, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काय सांगू मास्तर, लोक ही घालतच नाहीत हो! बायका म्हणतात जाड दिसतो, पुरुष म्हणतात उकडतं, काठावर घालतात आणि मधोमध गेले की काढून ठेवतात, फोटोसाठी. एखादा गेला ना तळ्यात, तर माझं काय होईल!"

आता मला सांगा, हे ऐकून कुठल्या कारागिराच्या हातांना खाज सुटणार नाही? म्हटलं, लोक कपडा का घालत नाहीत? फिटिंग नाही म्हणून! फिटिंग दिलं की घालतील, घातलं की वाचतील. म्हणजे बघा हं, माझा हेतू बघा! लोकांचा जीव वाचावा हाच हेतू!

पहिलं जॅकेट उसवलं. आत काय? फोम! जाडच्या जाड लाद्या, पुढे दोन, मागे एक, गादीवाल्यानं रागानं कोंबल्यासारख्या. मी म्हटलं, अरे, हेच तर दुखणं! कोटाच्या खांद्यात आपण भरतीचं पॅड घालतो ते चिमूटभर, आकार यावा म्हणून. इथं कुठल्या अडाण्यानं अख्खा माणूसच भरलाय! काढला सगळा. आकारापुरता एक पातळ थर ठेवला, पापडाएवढा. मग कमरेत घेतलं, काखेत घेतलं, पाठीला दोन डार्ट दिले, कडेनं दुहेरी टीप मारली. लहान मुलांची चार होती, त्यांना तर खाली चुण्या घातल्या, फ्रॉकसारख्या! चेनी बदलल्या, पट्टे नवे. तीसच्या तीस! पाठीचा काटा ढिला झाला, पण फिटिंगला नाव ठेवायचं काम नाही!

आणि तुम्ही म्हणाल, मास्तर, एकदाही शंका आली नाही? आली ना! हातात घेतलं तर पिसासारखं हलकं लागलं. मनात आलं, हे चालेल ना? मग शाळेत शिकलेलं आठवलं. जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. म्हणजे मी तर आणखी हलकं केलं! म्हणजे आणखी तरंगणार! …हसा. गुरुजींनी मला चौथीत दोनदा बसवलं ते उगाच नव्हे.

कप्तान न्यायला आला, एक घातलं, आरशासमोर उभा राहिला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, पोट आत ओढलं, सोडलं… "मास्तर! जादू आहे हो हातात!" त्याला तरी कळायला नको? त्याची नजर आरशात, आरशातल्याची नजर टोपीवर! खूश होऊन म्हणतो, "पहिल्या दिवसाची पहिली फेरी तुमची. घरच्यांना घेऊन या."

घरचे म्हणजे कोण? बायको, सासूबाई आणि मेहुणा. मेहुण्याबद्दल काय सांगू… माणूस चांगला आहे, फक्त जिथं बसायचं तिथं उभा राहतो आणि जिथं गप्प बसायचं तिथं व्हिडिओ काढतो. आणि सासूबाईंनी बरोबर गादी घेतली होती. चौकोनी, फुलांच्या कापडाची. फळी टोचते म्हणून. ती गादी मीच दिली होती त्यांना, लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांत जावयानं दिलेली पहिली वस्तू, सगळ्या शेजारात दाखवून झाली होती. एवढा फोम निघाल्यावर टाकून देणार काय? दोन गाद्या सासूबाईंना, बाकीच्या दुकानातल्या बाकड्याला.

बसलो बोटीत. वल्ह्याची बोट, नावाडीबाबा सत्तरीचे, अंगात त्यांचं स्वतःचं जुनं जॅकेट, विटलेलं, फुगलेलं. ते त्यांनी शिवायला दिलंच नव्हतं. मी मनात म्हटलं, काय ध्यान दिसतंय! त्यांनी माझ्या जॅकेटाची कड चिमटीत धरली, चोळून बघितली. "हे काय?" धक्क्यावरून कप्तान ओरडला, "नवीन मॉडेल आहे, बाबा!" बाबा म्हणाले, "हल्ली सगळंच पातळ निघतं. फोन पातळ, भिंती पातळ." आणि वल्ही टाकली. "बसून राहायचं. एका बाजूला सगळ्यांनी झुकायचं नाही. बकल सोडायचं नाही."

मधोमध आलो. तळं शांत, ऊन कोवळं, बायको खुशीत, सासूबाई गादीवर, मेहुणा फोनमध्ये. आणि माझी जीभ! काय गरज होती? पण शांतता सहन होत नाही ना मला, दुकानात मशीन खडखडत असतं दिवसभर. मी विचारलं, "बाबा, या जॅकेटात मुळात एवढा फोम का हो कोंबतात? थंडी वाजू नये म्हणून?"

बाबांनी वल्हं थांबवलं नाही. "फोमच तर माणसाला वर धरतो. तो काढला तर राहतं काय? कापड."

तुम्हाला सांगतो, माझ्या पाठीच्या मणक्यावरून असा एक थेंब घामाचा निघाला, तो खाली जाईपर्यंत मी त्याला मोजत होतो. म्हटलं, "आणि… समजा हं… फोम कमी असला तर?"

"किती कमी?"

"समजा… पापडाएवढा."

बाबांनी जरा विचार केला. "मग बुडताना माणूस नारिंगी दिसतो. शोधायला बरं."

संपलं! अहो, चारी बाजूंना पाणी, काठावरची माणसं टाचणीच्या डोक्याएवढी, बायको, बायकोची आई, बायकोचा भाऊ, अख्खं सासर माझ्या हातच्या शिवणीत बांधलेलं, आणि पोहता कुणाला येतं? कुणालाही नाही! मी तर बादलीत पाय घालतानाही कड धरतो! सांगू? नको सांगू? सांगितलं तर घाबरून हलतील, हलले तर बोट हलेल. नाही सांगितलं तर… तेवढ्यात वारा सुटला. छोटासा. एरवी मी त्याला झुळूक म्हटलं असतं. आणि बोट अशी… डुलली.

मी ओरडलो, "सगळे खाली बसा!"

बायको म्हणाली, "अहो, बसलोच आहोत."

"आणखी खाली बसा! पाय पसरू नका! ए, त्या पाण्यात बोटं घालू नकोस!"

"अहो, नुसती बोटं…"

"बोटांच्या मागे हात असतो, हाताच्या मागे माणूस असतं!"

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, चेहरा पांढरा पडलाय. पित्त झालं का?"

आणि या सगळ्यात मेहुणा उठून उभा! हातात फोन, छाती पुढे. "भाऊजी, काय फिटिंग केलंय हो! एक नंबर! आता एक व्हिडिओ होऊनच जाऊ दे. मी पाण्यात उडी मारतो, तुम्ही काढा."

मी म्हटलं, "बस."

"अहो, जॅकेट आहे ना अंगात! बुडतोय कुठं!"

"मी सांगतोय ना, बस!"

"ताई, बघ गं, भाऊजींना माझं चांगलं झालेलं बघवतच नाही! माझ्या लग्नातला कोटही यांनी मुद्दाम सैल शिवला होता!"

आणि चढला की हो फळीवर! एक पाय कडेवर, दुसरा हवेत! मी झेप घेतली आणि त्याच्या पाठीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, नवा पट्टा, मी स्वतः चौपदरी शिवलेला, तो ओढतोय पुढे, मी ओढतोय मागे, बोट डोलतेय, बाबा म्हणताहेत "मधे या, मधे या", आणि माझ्या तोंडून निघून गेलं… "त्यात फोम नाहीये रे! काहीच नाहीये! कापड आहे नुसतं! मी काढलाय सगळा, तुझ्या कमरेसाठी!"

मेहुण्याचा हवेतला पाय हवेतच. मग तो इतका हळू खाली बसला, इतका हळू, की स्वतःच्या लग्नात बोहल्यावरही एवढ्या अदबीनं बसला नव्हता. स्वतःचं जॅकेट चाचपलं. "भाऊजी… इथे तर माझ्या बरगड्या लागताहेत."

म्हटलं, "लागणारच. फिटिंगला नाव ठेवायचं काम नाही."

बायकोचा आवाज आला. बायकोचा मोठा आवाज मला चालतो, हा लहान होता. "मग तो फोम गेला कुठं?"

मी फक्त बघितलं. तिनं माझ्या नजरेची दिशा बघितली. मेहुण्यानं बघितली. बाबांनीसुद्धा वल्हं मारता मारता बघितलं. सगळे सासूबाईंच्या खाली बघत होते. सासूबाईंनी दोन्ही हातांनी गादीच्या कडा पकडल्या. "हे बघा जावईबापू, एकदा दिलेली वस्तू परत मागत नाहीत!"

मेहुणा म्हणाला, "आई, चौघांनी धरली तर…"

"चौघांना नाही पुरायची," बाबा म्हणाले. "एकाला पुरेल. त्यांच्याकडेच राहू दे." मग वल्ही मांडीखाली दाबली, स्वतःचं ते विटकं जॅकेट काढलं आणि मेहुण्याकडे फेकलं. "याला घाला. पडलाच कुणी तर हाच पडणार."

मी म्हटलं, "बाबा, आणि तुम्ही?"

"मला येतं पोहायला. पण मी एकाला आणू शकतो. दोघांना नाही." आणि बोट वळवली.

आता हिशेब तुम्हीच बघा. सासूबाईंना गादी. मेहुण्याला जॅकेट. बाबा एकाला आणणार. राहिलं कोण? मी आणि बायको. मी बाबांना खुणेनंच सांगितलं, हिला. त्यांनी मान हलवली. बायकोनं ती खूण पाहिली. अठ्ठावीस वर्षांत या बाईनं मला कधी हात धरू दिला नाही चारचौघांत, तिनं माझी कॉलर धरली, अशी मुठीत, आणि म्हणाली, "माझे ब्लाउज आयुष्यभर सैल शिवलेत. आणि जॅकेट तेवढं घट्ट! किनारा येऊ दे, मग बोलते." आणि कॉलर सोडली नाही. किनारा येईपर्यंत सोडली नाही हो… मला रागावली होती का धरून ठेवत होती, ते अजून विचारायचं धाडस झालेलं नाही.

बोटीच्या तळाला बसून आलो आम्ही. गुडघे पोटाशी, कुणी खोकत नाही, मेहुण्याला शिंक आली ती त्यानं गिळली! वारा समोरून, बाबांचा श्वास फुललेला, एकेक वल्हं म्हणजे माझ्या आयुष्याचं एकेक वर्ष. धक्का जवळ येतोय, येतोय… आणि धक्क्यावर काय?

रांग! पंचवीसेक माणसं. आणि तुम्हाला सांगतो, या तळ्याच्या इतिहासात पहिल्यांदा सगळ्यांनी, एकूण एक माणसानं, जॅकेट घातलेलं! आपणहून! बायका एकमेकींना वळून दाखवताहेत, पुरुष पोट आत घेऊन फोटो काढताहेत. आणि पुढे एक सहा वर्षांची चिमुरडी, माझ्या चुण्यावाल्या जॅकेटात, गोल गोल गिरक्या घेतेय. दुसरी बोट लागलेली. ती बसायच्या बेतात.

मेहुणा कानाशी लागला. "भाऊजी, गप्प राहा. आपण वाचलो ना? रात्री गुपचूप नेऊ सगळी, परत भरून टाकू. कुणाला कळतंय? दुकान बंद पडेल तुमचं."

खोटं कशाला सांगू, एक क्षण मलाही वाटलं. पस्तीस वर्षांचं नाव! लोक म्हणतील, हाच तो, जॅकेटातला जीव काढणारा! आणि समोर कप्तान दोन्ही हात पसरून, "आले आले, आपले कलाकार आले! टाळ्या!" आणि लोक टाळ्या वाजवताहेत हो! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिलाईला टाळ्या! आणि त्या पोरीनं एक पाय बोटीत टाकला.

"काढा!" मी किंचाळलो. "उतरा! सगळ्यांनी काढा ती! आत काही नाहीये!"

कप्तान धावत आला. "मास्तर, वेड लागलं का? यांना घालायला लावायला मला चार वर्षं लागली, आणि तुम्ही काढा म्हणता?"

"मी फोम काढलाय!"

"मग काय झालं, दिसतंय तर छान!" हे कोण म्हणालं ठाऊक आहे? रांगेतल्या एक बाई. तुमच्याच उंचीच्या होत्या, ताई. आणि एक काका म्हणतात, "यांना जास्त पैसे हवे असतील." कुणी विश्वासच ठेवेना! मग मी काय केलं? मी सरळ धक्क्याच्या टोकाला गेलो, माझ्याच हातचं जॅकेट अंगात, सगळ्यांकडे बघितलं आणि लोकांच्या जिवासाठी पाण्यात उडी मारली!

…बरं. पाय घसरला. पण घसरला तो लोकांच्या जिवासाठीच घसरला!

आत गेलो. कुठपर्यंत? तळ्याचा गाळ नाकात जाईपर्यंत! वर यायचं म्हणून हातपाय मारतोय आणि वरून ते भिजलेलं कापड मला मिठी मारून बसलंय, काखेत घट्ट, कमरेत घट्ट, कुठं एक चुणी नाही, कुठं एक झोळ नाही! शेवटचा श्वास सुटत होता आणि खरं सांगतो, मनात विचार काय आला? की फिटिंगला नाव ठेवायचं काम नाही!

बाबांनी बांबूच्या आकड्यानं काढलं मला. पाठीच्या पट्ट्यात आकडा घातला, चौपदरी पट्ट्यात, तो तुटला नाही म्हणून मी तुमच्यासमोर आहे. वर आलो तेव्हा धक्का गप्प. मग एक आवाज आला, टक्. बकल सुटल्याचा. मग टक्, टक्, टक्… त्या चिमुरडीच्या आईनं तर जॅकेट ओढून फाडलंच. फाडा हो, म्हटलं, फाडा, ती एकच शिवण आहे जिच्या उसवण्यानं मला बरं वाटलं.

कप्तानानं पोलिसात दिलं नाही. टोपी काढली आणि म्हणाला, "मास्तर, नवा फोम मी आणतो. तीसही पहिल्यासारखी करा. आणि प्रत्येक तयार झालं की तुम्ही स्वतः अंगात घालून इथून पाण्यात उतरायचं, सगळ्यांसमोर. तरंगलात तर जॅकेट पास. मगच गिऱ्हाईकाला." बाबा आकडा घेऊन शेजारी उभे. दर रविवारी दोन-तीन. आणि मोठ्यांची जॅकेटं ठीक, पण लहान मुलांची चार? ती अंगात कशी बसणार? ती छातीशी धरून, पाय पोटाशी घेऊन उतरायचं! एवढ्या लोकांत! गल्लीतली पोरंसुद्धा आता बटण लावायला आली की आधी विचारतात, आज किती वाजता?

हे तुमच्या अंगातलं, ताई, हे अठ्ठाविसावं. सकाळी पास झालं, म्हणून जरा ओलं लागतंय. जाड आहे, कबूल. सैल आहे, कबूल. ढगळ, बेढब, पोत्यासारखं आहे, माझ्या हातून असं काही बाहेर पडेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. पण मी त्यात वीस मिनिटं तळ्यात उभा होतो, बुचासारखा, मान वर, कप्तान खिडकीतून घड्याळ बघतोय आणि लोक फोटो काढताहेत.

आली बघा बोट. एकेक जण बसा, मधल्या फळीपासून सुरुवात करा… काय म्हणालात, काका? अठ्ठावीस वेळा पाण्यात उतरलात, म्हणजे निदान पोहायला तरी शिकला असाल?

कसला शिकतोय हो! आता जॅकेटं इतकी चांगली झालीत की मेली बुडूच देत नाहीत!